चार्टच्या डोक्यावर मराठी का बसत नाही?

मंडळी, या शनिवारी जरा चिडचिड आहे, आधीच सांगून ठेवतो. विषय दिसायला एकदम फुटकळ. प्रोग्रॅम लिहून काढलेल्या चार्टचं शीर्षक, म्हणजे आलेखाच्या डोक्यावरची ती एक ओळ. त्यातला एखादा शब्द ठळक करायचा, एखादा लाल करायचा आणि हे सगळं मराठीत करायचं. बस्स, एवढंच. आता तुम्ही म्हणाल यात चिडण्यासारखं काय आहे? तेच सांगायला बसलोय. चहा घेऊन या.

पायथॉनमध्ये काम करणाऱ्यांना मॅटप्लॉटलिब सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जॉन हंटर नावाच्या माणसाने मेंदूच्या विद्युतलहरींचे आलेख बघता यावेत म्हणून हे सुरू केलं, २००३ मध्ये जगाला फुकट दिलं आणि २०१२ मध्ये तो गेला. माणूस मोठाच. आज कॉलेजच्या प्रोजेक्टपासून संशोधनाच्या पेपरपर्यंत जिकडेतिकडे त्याच्याच लायब्ररीतून निघालेली चित्रं दिसतात. त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, तेव्हा पुढचं वाचून कुणी माझ्यावर कृतघ्नपणाचा शिक्का मारू नये.

तर या लायब्ररीत सेट_टायटल म्हणून फंक्शन आहे. त्यात "कोल्हापूर" टाकून बघा. पहिल्यांदा काय येतं? चौकोन. ओळीने रिकामे चौकोन, जणू कुणी फरशी बसवलीय. कारण तिचा ठरलेला फाँट डेजाव्हू सॅन्स, त्यात देवनागरी नाहीच. ठीक आहे, आपण नोटो सॅन्स देवनागरी उतरवतो, फाईलचा रस्ता देतो, परत चालवतो. आता अक्षरं येतात. आणि येतं ते असं: कोल्‌हापूर. ल चा पाय मोडलेला तसाच लोंबतोय, ह शेजारी परका उभा.

हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण बहुतेकांना वाटतं की फाँटच वाईट आहे. फाँट चांगला आहे. गोम अशी की देवनागरी मजकूर कॉम्प्युटरमध्ये ज्या क्रमाने साठवलेला असतो, त्या क्रमाने तो काढायचा नसतो. "शि" साठवताना आधी श, मग वेलांटी. काढताना वेलांटी आधी, श नंतर. "कर्नाटक" मधला र् साठवलेला असतो न च्या आधी, आणि चढून बसतो न च्या डोक्यावर. ल् आणि ह एकत्र आले की त्यांचा एक जोडाकार फाँटमध्ये शोधून आणायचा असतो. हे सगळं करणारा एक वेगळा टप्पा लागतो, त्याला आपले लोक शेपिंग म्हणतात. मॅटप्लॉटलिबच्या ३.१० पर्यंतच्या (म्हणजे डिसेंबर २०२४ च्या) आवृत्त्यांत तो टप्पाच नाही. एक कोड पॉइंट, एक आकृती, डावीकडून उजवीकडे, चला पुढे. लोकलच्या रांगेसारखं.

आता यातली खरी मजा (म्हणजे सजा) बघा. आपल्या जिल्ह्यात १२ तालुके. सगळी नावं एका चार्टवर टाका. करवीर, कागल, हातकणंगले, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड ही नऊ नावं जवळपास बरोबर येतात! कारण त्यात ना जोडाक्षर, ना पहिली वेलांटी. मार खातात ती तीन: पन्हाळा, शिरोळ, गडहिंग्लज. पन्हाळ्याचा न लंगडा होतो. शिरोळची वेलांटी श ला सोडून र च्या डोक्यावर जाऊन बसते. गडहिंग्लजचं तर पार गाठोडं होतं, वेलांटी एकीकडे, अनुस्वार भलतीकडे, ग चा पाय खाली. म्हणजे बघणाऱ्याला पहिल्या नजरेत वाटतं, "अरे, मराठी येतंय की!" आणि तो चार्ट पुढे ढकलतो. पूर्ण चौकोन आले असते तर निदान कुणीतरी थांबून दुरुस्त केलं असतं. बारातले नऊ बरोबर आले की माणूस तिथेच फसतो. माझ्या मते या सगळ्या भानगडीतला सगळ्यात घातक भाग हाच.

"इतकं काय त्यात, वाचता येतंय ना?" हा प्रश्न मला ज्या ज्या वेळी विचारला गेलाय त्या त्या वेळी विचारणारा स्वतः मराठीच होता. इंग्रजी शीर्षकात एक अक्षर उलटं छापलं असतं तर हाच माणूस "अनप्रोफेशनल दिसतंय" म्हणून रात्री दहाला फोन करेल. असो.

आता हे चार्ट प्रकरण आपल्या जगण्याशी कुठे येऊन भिडतं ते सांगतो. कोल्हापूरकराला जुलै-ऑगस्टमध्ये एकच आकडा पाठ असतो: राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि २०२१ ला हा आकडा ५५ फुटांच्या वर गेला. २०१९ ला पुणे-बेंगळुरू हायवे कित्येक दिवस बंद होता हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. त्या दिवसांत प्रत्येक ग्रुपवर पाणीपातळीचे आकडे, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, अलमट्टीतून किती क्युसेक विसर्ग, हेच चालू असतं. आणि आता आपल्यासारखी पोरं त्याचे चार्टही काढतात. कामच असं आहे की तासातासाचे आकडे हातात आले की बोटं आपोआप वळवळतात.

हा चार्ट एकदा व्हॉट्सअॅपवर गेला की त्याच्याबरोबर काय जातं? काही नाही. तुमचा खुलासा मागे राहतो, लिंक मागे राहते, तुमचं नावसुद्धा मागे राहतं. चौथ्या ग्रुपवर पोचेपर्यंत उरतं फक्त चित्र, आणि त्या चित्रात माणसाच्या भाषेत बोलणारी एकच गोष्ट असते, शीर्षक. म्हणून त्या ओळीने सगळं सांगितलं पाहिजे. माझ्या डोळ्यासमोर ती ओळ अशी आहे: "राजाराम बंधारा: पाणी इशारा पातळीच्या वर, धोका पातळीला दोन फूट कमी". यातला "इशारा पातळी" हा शब्द नारिंगी, कारण चार्टमधली ३९ ची रेघ नारिंगी. "धोका पातळी" लाल आणि ठळक, कारण ४३ ची रेघ लाल आणि जाड. मग कोपऱ्यात तो रंगांचा खुलासा देणारा चौकोन लागतच नाही. प्रयाग चिखलीतली किंवा आंबेवाडीतली एखादी मावशी, जिच्या घरात पाणी सगळ्यात आधी शिरतं, ती मोबाईल हातभर लांब धरून एका नजरेत समजून घेते की सामान माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं.

आणि आपण तिला काय देतो? "वॉटर लेव्हल अॅट राजाराम बॅरेज इन फीट", ते सुद्धा इंग्रजी लिपीत. किंवा मोडक्या वेलांट्यांचं मराठी, जे बघून तिच्या पोराला वाटतं की हा कुठलातरी फेक फॉरवर्ड आहे. वाटणारच! ज्याला "जिल्हा" नीट लिहिता येत नाही त्याचा आकडा बरोबर असेल असं का मानावं तिने?

बरं, समजा शेपिंगचा प्रश्न सुटला. (मॅटप्लॉटलिबच्या लोकांनी लिबराकम नावाची लायब्ररी जोडून हे काम अखेर हाती घेतलं. उशिरा का होईना, चांगलंच आहे.) तरी शीर्षकातला एकच शब्द लाल करायचा प्रश्न राहतोच. सेट_टायटल ला रंग एक, वजन एक, आकार एक. अख्खी ओळ लाल करा नाहीतर अख्खी काळी ठेवा. गूगलवर शोधलं की पहिलं उत्तर येतं, "डॉलरच्या चिन्हांत घाला आणि मॅथटेक्स्टने बोल्ड करा". इंग्रजीला चालतं ते. मराठी घातलं की त्या गणिती फाँटमध्ये आपली अक्षरं नसतातच, त्यामुळे त्यांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. आणि गणितात मोकळ्या जागेला अर्थ नसल्यामुळे शब्दांमधल्या जागा गायब! म्हणजे धोक्याचा इशारा ठळक करायला जावं तर इशाराच उडून जातो. हे उत्तर शेकडो लोकांनी "उपयोगी" म्हणून उचलून धरलंय, आणि त्याच्याखाली इतर लिप्यांचं काय असा प्रश्न क्वचितच कुणाला पडलेला दिसतो.

दुसरा उपाय म्हणजे ओळीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगळ्या टेक्स्टएरियात घालायचा आणि एचपॅकरने शेजारी शेजारी बसवायचे. जमतं. हायलाइट-टेक्स्ट नावाचं एक छोटं पॅकेज आहे, तेही आतून साधारण अशाच तुकड्यांच्या वाटेने जातं. पण एका शीर्षकासाठी वीस ओळींचा कोड, आणि फाँट बदलला की परत सगळं मोजत बसा. तुकडे पाडताना अजून एक काळजी घ्यावी लागते. पायथॉनला "कोल्हापूर" ची लांबी विचारा, तो सांगतो ९. आपण मोजली तर अक्षरं चार: को, ल्हा, पू, र. त्यामुळे "पहिली वीस अक्षरं घे आणि पुढे तीन टिंबं टाक" असं लिहिणारा जो हुशार प्रोग्रॅमर असतो, त्याचं शीर्षक कधी ना कधी जोडाक्षराच्या बरोबर मधोमध तुटतं आणि शेवटी एक पाय मोडलेला ल लटकत राहतो. असले चार्ट मी छापील अहवालात पाहिलेत. कुणाचे ते सांगत नाही.

ज्यांना आजच्या आज काम हवंय त्यांच्यासाठी रस्ते आहेत, नाहीत असं नाही. एमपीएलकैरो हा पर्यायी बॅकएंड बसवला तर मॅटप्लॉटलिबमध्येच जोडाक्षरं नीट येतात. पीजीएफ बॅकएंडला झीलाटेक जोडलं तर उत्तमच येतं, ठळक, रंगीत, सगळं. फक्त एका ओळीसाठी तुम्हाला लाटेकचं अख्खं बिऱ्हाड मशीनवर आणावं लागतं. प्लॉटली घेतलंत तर ते ब्राउझरमध्ये रंगतं, आणि ब्राउझरला मराठी केव्हाचं येतं. शीर्षकात बी आणि स्पॅनचे टॅग घातले की एकेक शब्द वेगळा रंगवता येतो. आर भाषेवाल्यांची तर चंगळ आहे. जीजीटेक्स्टने शीर्षकात मार्कडाऊन लिहायचं, रॅग नावाच्या यंत्राने चित्र काढायचं, जोडाक्षरं चोख. आपले पायथॉनवाले आर ला नाकं मुरडतात. मुरडोत बापडे, तोवर त्यांचा शिरोळ तिकडे बरोबर लिहिला जातोय.

एक तपशील सांगतो, यात माणसं तासन्‌तास अडकलेली पाहिलीत. नोटो सॅन्स देवनागरी गूगल फाँट्सवरून उतरवला की झिपमध्ये वरच एक व्हेरिएबल फाँटची फाईल असते. मॅटप्लॉटलिब त्यातली एकच जाडी वापरतं. तुम्ही वजन "बोल्ड" म्हणून कितीही ओरडा, ढिम्म. आत स्टॅटिक नावाचं फोल्डर असतं, त्यातली बोल्डची वेगळी फाईल घ्या. मुक्ता घेतलात तरी चालेल, एक टाइपच्या लोकांनी त्याच्या सुट्या सुट्या जाड्या दिलेल्याच आहेत.

आता जरा आपल्याच लोकांना झोडतो.

ज्या एक्सेलला आपण "ते काय, हापिसातल्या क्लार्कचं खेळणं" म्हणून हसतो, त्यात चार्टच्या शीर्षकावर दोनदा क्लिक करायचं, हवा तेवढा शब्द निवडायचा आणि लाल, ठळक, मोठा, काय हवं ते करायचं. मराठीत. वेलांटी जागेवर. कित्येक वर्षं चालतंय हे. विंडोज २००० बरोबर मंगल फाँट आला, र. कृ. जोशींनी केलेला. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने केलेल्या अक्षरांनी हा प्रश्न निदान विंडोजच्या खिडकीत सुटलेला होता. हार्फबझ नावाची शेपिंगची मुक्त लायब्ररी आहे, ती अँड्रॉइडमध्ये आहे, क्रोममध्ये आहे, फायरफॉक्समध्ये आहे, लिबरऑफिसमध्ये आहे. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ती या क्षणी चालू आहे. आणि "शास्त्रीय दर्जाचे आलेख" काढणाऱ्या यंत्राला ती जोडायला वीस-बावीस वर्षं लागावीत?

का लागली? कारण मागितलंच नाही कुणी. कुणाच्या बापाचं देणं नाही मुक्त सॉफ्टवेअर. ज्याला खाज असते तो खाजवतो. अमेरिकेतल्या संशोधकाला ग्रीक अल्फा-बीटा हवे होते, ते पहिल्या काही वर्षांत आले. आम्हाला मराठी हवं होतं का? २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी आपली मातृभाषा मराठी सांगितली. त्यातले पायथॉन लिहिणारे किती असतील याचा आकडा माझ्याकडे नाही, पण हिंजवडीच्या एका सिग्नलवर उभं राहिलं तरी अंदाज येतो. आणि त्यातल्या बहुतेकांनी या अडचणीवर एकच उपाय केला: शीर्षक इंग्रजीत टाकलं. बग नोंदवला नाही, पॅच लिहिला नाही, ओरडलेसुद्धा नाहीत. एका फाँटमध्ये अक्षर नसेल तर दुसऱ्या फाँटमधून घ्यायची सोय २०२२ च्या ३.६ आवृत्तीत आली, तिचं काम २०२१ च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये एका भारतीय विद्यार्थ्यानेच केलं होतं. म्हणजे दार बंद नव्हतंच. ढकलायला माणसं नव्हती.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या प्रत्येक ग्रुपवर पेढे आणि भगवे स्टिकर फिरले. छान झालं. त्याच आठवड्यात मला एकाने ऐकवलं, "अरे टायटल इंग्लिशच ठेव, उगाच मराठीचा नाद नको, रेंडर होत नाही." याला अभिजात लाचारी म्हणावं काय?

तिकडे आपल्या पेठेतला फ्लेक्सवाला बघा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तो "हार्दिक शुभेच्छा" पिवळ्या रंगात लाल कडेने काढतो, त्याच्यावर सावली टाकतो, "नाद खुळा" तिरकं करतो, खाली सत्तावीस जणांचे फोटो. रसिकतेबद्दल बोलायला नको! पण त्याचं एकही जोडाक्षर मोडलेलं नसतं. कार्यकर्ता मोडलेलं चालवून घेत नाही. "च्छा" तुटला तर फ्लेक्स परत, पैसे नाहीत. म्हणजे दहावी पास डीटीपीवाल्याचं गिऱ्हाईक जेवढं चोखंदळ आहे तेवढे आपण चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून स्वतःच्या कामाबाबत नाही. आणि हे गाव कुणाचं? स्वतःच्या चित्रपटांची पोस्टर स्वतः रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांचं. अक्षर आणि रंग एकत्र कसे बसवायचे हे या गावाला शिकवायला सिलिकॉन व्हॅलीतून माणूस यायला नको होता.

"पण लिपीच अवघड आहे, इंग्रजीसारखी सुटसुटीत असती तर" हे पालुपद तर शंभर वर्षांचं जुनं आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात देवनागरीचा जुळारी शेकडो खिळ्यांच्या खणांसमोर उभा असायचा. टिळकांनी केसरीसाठी ते खिळे कमी करायचा खटाटोप केला. सावरकरांनी तर इ, ई, उ ची वेगळी अक्षरंच नकोत, अ लाच वेलांटी-उकार द्या असं सुचवलं. त्यांचा हेतू मी समजू शकतो, यंत्रच तसं होतं. शिशाचा खिळा वाकत नाही. टाइपरायटरचा दांडा उडी मारून मागे जात नाही. पण आजचं यंत्र सेकंदाला अब्जावधी बेरजा करतं! त्याला एक वेलांटी श च्या अलीकडे नेऊन ठेवायला काय कष्ट पडतात? लोखंडाने जी सवलत मागितली ती सॉफ्टवेअरनेही मागावी आणि आपण ती द्यावी, हे मला मान्य नाही. अजिबात नाही.

याउलट एक गोष्ट मात्र आपणच ठरवायला हवी, ती कुठली लायब्ररी ठरवून देणार नाही. मराठीत "ठळक" करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इंग्रजीवाल्याकडे कॅपिटल अक्षरं आहेत. "डेंजर" अख्खा कॅपिटलमध्ये लिहिला की काम झालं, फाँट बदलायचीही गरज नाही. आपल्याकडे लहान-मोठी अक्षरं नाहीत. त्यामुळे जाडी आणि रंग ही आपल्याकडे नटवानटवी नाही, जोर देण्याची तीच साधनं आहेत. म्हणून शीर्षकात शब्दाशब्दाला वेगळी जाडी देता येणं ही इंग्रजीपेक्षा मराठीची गरज जास्त आहे, आणि मागणी मात्र तिकडून येते. कमाल आहे की नाही?

इटॅलिकचं उलट. लॅटिन लिपीत तिरक्या अक्षरांना स्वतःचा इतिहास आहे. देवनागरीत तशी वेगळी तिरकी घडण रुळलेली नाही, यंत्र आपलं सरळ अक्षर धरून उजवीकडे कलतं करतं. वादळात आडवा झालेला ऊस जसा दिसतो तशी ती ओळ दिसते. अधोरेखाही तशीच, ती सरळ जाऊन उकाराला कापते, "धोका" वाचतो पण "पूर" चा गळा चिरला जातो. आणि अक्षरांमधली जागा वाढवायची ती डिझायनरांची आवडती फॅशन केलीत तर शिरोरेघेचे तुकडे. तेव्हा इंग्रजी चार्टची शैली जशीच्या तशी उचलून मराठीला घालू नका. जाडी, रंग आणि आकार, एवढ्यावर भागतं. आणि केवळ रंगावर तर कधीच विसंबू नका. लाल-हिरवा न ओळखणारे लोक आहेत, आणि ग्रामपंचायतीत चार्टची झेरॉक्स निघते तेव्हा लाल काय आणि नारिंगी काय, सगळं एकच काळपट. जाडीचा फरक झेरॉक्समध्येही टिकतो.

शिवाय ल आणि श. आपला मराठी ल आणि हिंदी ल वेगळा, हे शाळेत बाईंनी हातावर पट्टी मारून शिकवलेलं. शासनानेही ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली. बऱ्याच फाँटमध्ये दोन्ही आकार असतात, फक्त "हा मजकूर मराठी आहे" असं सांगावं लागतं, मग फाँट आपला आकार पुढे करतो. पण ते सांगणार कुणाला? शेपिंगच नाही तिथे भाषा विचारणारं कुणी नाही. (आकड्यांचं मात्र गमतीदार आहे. अक्षावरचे ३९, ४३ देवनागरीत आणायला एक छोटं फंक्शन पुरतं, आणि ते एकदम झकास येतात, कारण आकड्यांना वेलांटी नसते. म्हणजे आकडे मराठी आणि मथळा इंग्रजी, असलंही एक धेडगुजरी प्रकरण मी पाहिलंय.)

"इंग्रजी सगळ्यांना कळतं" म्हणणाऱ्यांना माझं एकच म्हणणं आहे: पुराच्या वेळी तुमचा चार्ट कुणासाठी आहे ते आधी सांगा. पुण्यात बसून चिंता करणाऱ्या भाच्यासाठी असेल तर ठेवा इंग्रजी. गोठ्यातली जनावरं कधी सोडायची हे ज्याला ठरवायचंय त्याच्यासाठी असेल, तर त्याच्या भाषेत लिहा आणि नीट लिहा. "पॉवरपॉइंटमध्ये वरून मराठी चिकटवतो" हाही उपाय नाही, कारण पातळी दर तासाला बदलते. पहाटे तीनला स्क्रिप्ट आपोआप चालते, पॉवरपॉइंटवाला झोपलेला असतो.

आता कामाचं. लायब्ररी कुठलीही असो, मराठी येतं की नाही हे "नमस्कार" टाकून तपासू नका. त्यात एकच जोडाक्षर आहे, आणि ते मोडलं तरी घाईत डोळ्याला खुपत नाही. मी माझ्या चाचण्यांत आता आपलाच भूगोल वापरतो: शिरोळ पहिल्या वेलांटीसाठी, पन्हाळा आणि अलमट्टी जोडाक्षरासाठी, कर्नाटक रफारासाठी, गडहिंग्लज सगळ्यांचा एकत्र समाचार घेण्यासाठी, नृसिंहवाडी ऋकार आणि वेलांटीसाठी, आणि दऱ्याखोऱ्या त्या आपल्या अर्धचंद्र र साठी, जो हिंदीवाल्यांच्या चाचण्यांत सापडणारच नाही. त्यातला मधला एक शब्द लाल करायचा, एक ठळक, आणि चित्र पीएनजी आणि पीडीएफ दोन्हींत काढायचं, कारण एकात बरोबर येऊन दुसऱ्यात फुटणं नेहमीचंच आहे. मोडलं तर चित्रासकट बग नोंदवायचा, शेजारी बरोबर कसं दिसतं त्याचं चित्रही जोडायचं, कारण पलीकडे वाचणाऱ्याला आपली लिपी येत नसते आणि "वेलांटी चुकली" म्हटल्याने त्याला काही कळत नाही. या महिन्यात असे दोन नोंदवलेत, एक शीर्षकाच्या ओळी मोडताना जोडाक्षर तुटतं त्याचा आणि एक तालुक्यांच्या नावांचा. दुसऱ्यावर लगेच प्रश्न आला: "हे तिन्ही शब्द नक्की कुठल्या भाषेतले आहेत?" उत्तर दिलंय, नकाशासकट.